रेडिओच्या वायरवर कॉम्प्युटर आणि ॲम्प्लिफायर : एका गाडीचं प्रकरण

गाडी साधी पेट्रोल हॅचबॅक, बॅटरी ४५ अँपिअर-तासाची. मालकाने कंपनीचा रेडिओ काढून त्या जागी टचस्क्रीन बसवला होता. ग्लोव्हबॉक्सच्या मागे एक मिनी पीसी होता आणि बाजूच्या सीटखाली चार चॅनेलचा ॲम्प्लिफायर. ॲम्प प्रत्येक चॅनेलला ५० वॉट आरएमएस (म्हणजे सतत देता येणारे) देणारा, क्लास एबी, अंगावर २५ अँपिअरचा फ्यूज. गाणी, नकाशा आणि मागच्या सीटवरच्या मुलांसाठी व्हिडिओ, सगळं या पीसीवर चालायचं. बॅटरीपासून नवी केबल ओढायची नाही, बॉनेटमधून आत भोक पाडायचं नाही, ही मालकाची सुरुवातीपासूनची अट. त्यामुळे ज्याने काम केलं त्याने रेडिओच्या सॉकेटमध्ये जी पिवळी वायर येते, म्हणजे चावी काढली तरी १२ व्होल्ट असणारी, तिच्यातूनच पीसी, स्क्रीन आणि ॲम्प तिघांनाही प्लस दिला. पीसी आणि स्क्रीनचा अर्थ, म्हणजे मायनस, रेडिओच्या काळ्या वायरला, ॲम्पचा अर्थ सीटच्या बोल्टला. ॲम्पला चालू-बंद करणारी रिमोट वायर लाल एसीसीवर, म्हणजे चावी फिरवल्यावरच जिवंत होणाऱ्या वायरवर.

माझ्याकडे गाडी आली तेव्हा तक्रारी चार होत्या. सेल्फ मारला की पीसी रीस्टार्ट होतो आणि स्पीकरमधून ‘धप्प’ असा आवाज येतो. इंजिन बंद ठेवून मोठ्याने गाणी लावली की एखाद्या जोरदार बासच्या ठोक्याला पीसी पुन्हा रीस्टार्ट. इंजिन चालू असताना बारीक शिट्टी ऐकू येते आणि ॲक्सिलरेटर दाबला की तिचा सूर चढतो. आणि गाडी तीन दिवस उभी राहिली तर बॅटरी उतरते.

मालकाचं म्हणणं होतं, “अहो, बारा व्होल्टच आहे ना सगळीकडे? पीसीच्या अडॅप्टरवर पण बाराच लिहिलंय.”

इथूनच सुरुवात करू. अडॅप्टरमधून येणारे १२ व्होल्ट आणि गाडीतले १२ व्होल्ट यांचं फक्त नाव सारखं आहे. बॅटरी पूर्ण भरलेली आणि निवांत असताना १२.६ ते १२.७ व्होल्ट दाखवते, अर्धी उतरली की साधारण १२.२. इंजिन चालू असताना अल्टरनेटर ते १३.८ ते १४.४ वर नेऊन ठेवतो. सेल्फ मारताना ९-१० पर्यंत घसरणं रोजचंच, थंडीत आणि जुन्या बॅटरीवर त्याहून खाली. शिवाय अल्टरनेटर जोरात चार्ज करत असताना बॅटरीची तार निसटली तर जो उसळा येतो, त्यासाठी आयएसओ १६७५०-२ या मानकातली चाचणी, उसळा अडवायला काहीही नसलेल्या १२ व्होल्टच्या प्रणालीत, ७९ ते १०१ व्होल्टची आहे. आजच्या अल्टरनेटरमध्ये बहुतेक वेळा तो ३५ व्होल्टच्या आसपास अडवला जातो, पण १२ व्होल्टच्या अडॅप्टरवर चालायला बनवलेल्या बोर्डासाठी ३५ देखील भरपूर झाले. हा पीसी इतके महिने १४.४ वर चालला यात त्याच्या बनावटीचा मोठेपणा, जोडणीचा नाही.

फ्यूजबॉक्स उघडल्यावर आणखी एक गोष्ट दिसली. रेडिओच्या जागी कंपनीने १५ अँपिअरचा निळा फ्यूज सांगितलेला, तिथे पारदर्शक, २५ चा बसवलेला. निळा उडत होता म्हणून बदलला. त्या खाचेभोवतीचं प्लास्टिक किंचित पिवळं पडलेलं होतं. रेडिओच्या सॉकेटातली पिवळ्या वायरची पिन बाहेर काढली तर तिचा चकाकता पत्रा तपकिरी झालेला आणि पकड सैल; शेजारच्या पिना नव्यासारख्या. चारही तक्रारींपेक्षा मला याची काळजी जास्त वाटली. फ्यूज उपकरणासाठी नसतो, वायरसाठी असतो. ब्लेड फ्यूज आपल्या आकड्याच्या ११० टक्क्यांवर तासन्‌तास तग धरतो आणि १३५ टक्क्यांवर उडायला दहा मिनिटांपर्यंत वेळ घेऊ शकतो. म्हणजे २५ चा फ्यूज ३४ अँपिअर दहा मिनिटं जाऊ देईल. पिवळी वायर १ चौरस मिलिमीटरची, मीटरला साधारण १८ मिलिओहम. ३४ अँपिअरला तिच्या दर मीटरमागे २० वॉटच्या वर उष्णता, तीही डॅशबोर्डच्या आत, टेप गुंडाळलेल्या जुडग्यात, जिथे हवा नाही. म्हणून बाकी काहीही करण्याआधी निळा फ्यूज परत लावला आणि ॲम्पची प्लस वायर सोडवून ठेवली.

मोजमाप

जुन्या वायरिंगमध्ये किती दम आहे हे तिच्या जाडीवरून अंदाजाने सांगता येतं, पण अंदाज कशाला, मोजायला फार वेळ लागत नाही. हेडलाइटचा एच४ बल्ब घ्यायचा, ६०/५५ वॉटचा. त्याचं ५५ वॉटचं फिलामेंट साधारण साडेचार अँपिअर खातं, दोन्ही एकदम लावली तर नऊच्या वर. सॉकेटातल्या पिवळ्या आणि काळ्या वायरमध्ये हा बल्ब लावला. मग मीटरची एक लांब पिन बॅटरीच्या प्लसवर आणि दुसरी बल्बच्या प्लसवर ठेवली. मीटर जे दाखवतो तो थेट त्या वायरमध्ये हरवलेला व्होल्टेज, म्हणजे ड्रॉप. तसंच मायनसच्या बाजूने.

करंट ४.६ अँपिअर असताना पिवळ्या वायरमध्ये ०.२२ व्होल्ट गेले, काळ्यात ०.११. दोन्ही फिलामेंट लावल्यावर दोन्ही आकडे दुप्पट झाले, म्हणजे मोजणी बरोबर. हिशेब केला तर प्लसच्या वाटेत ४८ मिलिओहम आणि काळ्या वायरच्या वाटेत २४. सुमारे दोन मीटर वायर, फ्यूजचे स्वतःचे काही मिलिओहम आणि ती भाजलेली पिन, एवढं धरलं की ४८ चा मेळ बसतो.

हाच बल्ब मग ॲम्पच्या जागी नेला आणि सीटच्या बोल्टला अर्थ धरून मोजलं. इथे ४.६ अँपिअरला ०.३० व्होल्ट! म्हणजे ६५ मिलिओहम. जाडजूड बोल्ट, पण त्याच्या खाली रंग, आट्यांवर घट्ट बसवणारा लेप, आणि मध्ये सरकणारी सीटची पट्टी. दिसायला लोखंडाचा डोंगर आणि अर्थ म्हणून रेडिओच्या बारीक काळ्या वायरपेक्षा अडीचपट वाईट. सीट आणि सीटबेल्टचे बोल्ट अर्थसाठी वापरूच नयेत हे एरवीही खरं आहे. ते ठराविक टॉर्कने आवळलेले असतात आणि त्यांचं काम माणसाला धरून ठेवणं आहे.

आता लोड. पीसी नकाशा दाखवत असताना २५ वॉटच्या आसपास, चालू होताना क्षणभर ४०, आणि स्क्रीनचे १० वेगळे. सगळं मिळून चार-साडेचार अँपिअरच्या वर जात नाही. ॲम्प पूर्ण ताकदीने २०० वॉट देईल तेव्हा क्लास एबीची कार्यक्षमता ६० टक्के धरली तर बॅटरीकडून ३३३ वॉट, म्हणजे १३.८ व्होल्टला २४ अँपिअर घेईल. खरं संगीत सतत पूर्ण ताकदीवर कधी नसतं. या गाडीत मोठ्याने वाजवताना सरासरी सहा-सात अँपिअर आणि बासच्या ठोक्याला १२ ते १५ दिसत होते. ज्याने जोडणी केली त्याने सरासरी पाहिली असणार. सरासरी सहा म्हणजे १५ च्या फ्यूजमध्ये आरामात बसतं. पीसी मात्र सरासरीवर जगत नाही, त्याला एक खोल खाच पुरते.

पीसीच्या टोकाला मीटर ‘मिनिमम’वर लावून इंजिन बंद ठेवून गाणं वाजवलं. नोंद झाली १०.६ व्होल्ट, आणि मीटरच्या नजरेतून सुटणाऱ्या खाचा त्याहून खोल असणार. त्या वेळी बॅटरीवर १२.१ होते. मधले दीड व्होल्ट वायरिंगने खाल्ले. इथे एक खोच आहे, जी सहसा ध्यानात येत नाही. कॉम्प्युटरला ठरावीक करंट लागत नाही, ठरावीक वॉट लागतात. व्होल्टेज पडलं की तो भरपाईसाठी करंट वाढवतो, करंट वाढला की वायरमधला ड्रॉप वाढतो, आणि व्होल्टेज आणखी पडतं. बल्ब असता तर थोडा मंद झाला असता आणि गोष्ट तिथेच मिटली असती. पीसी स्वतःच्या खड्ड्यात स्वतः उतरतो आणि एका पायरीनंतर बंद पडतो.

सेल्फच्या वेळी बॅटरीच्या टोकालाच ९.३ दिसले, म्हणजे तिथे वायरिंग कितीही जाड केली तरी १२ व्होल्टवर चालणारा पीसी वाचणार नव्हता. ‘धप्प’ आवाजाचं कारण लाल वायर. बहुतेक गाड्यांमध्ये सेल्फ फिरत असताना एसीसी कापली जाते, सगळी ताकद स्टार्टरला मिळावी म्हणून. त्यामुळे ॲम्प बंद होऊन पुन्हा चालू व्हायचा, नेमका पीसीचा ऑडिओ आउटपुट रीस्टार्टमध्ये वर-खाली होत असताना.

शिट्टी कुठून येते

याला मी जास्त वेळ दिला, कारण इथे लोक फिल्टर विकत घेतात, आयसोलेटर लावतात, कधी ॲम्पच बदलतात. आधी आवाजाची ओळख पटवू. साधारण अल्टरनेटरमध्ये १२ ध्रुव, म्हणजे सहा जोड्या, आणि तीन फेज. सहा डायोडने रेक्टिफाय झाल्यावर रोटरच्या एका फेऱ्यात ३६ लहरी. पुलीचं गुणोत्तर अडीच धरलं तर इंजिन ८०० आरपीएमवर असताना अल्टरनेटर २०००, म्हणजे सेकंदाला ३३ फेरे, आणि लहरींची वारंवारता १२०० हर्ट्‌झ. इंजिन २४०० वर नेलं की ३६०० हर्ट्‌झ. माणसाचा कान ज्या पट्ट्यात सर्वांत तिखट, बरोबर तिथे. त्यामुळे लहर मिलिव्होल्टमध्ये असली तरी ऐकू येते.

मग पीसीकडून ॲम्पला गाण्याचा सिग्नल नेणाऱ्या आरसीए केबल काढून त्या जागी फोन लावला, चार्जरविना, नुसत्या स्वतःच्या बॅटरीवर. शिट्टी गायब. इंजिन चालू, ॲम्पची पॉवर तीच, गाणं स्वच्छ. म्हणजे ॲम्पला मिळणारी पॉवर कितीही कळकट असली तरी शिट्टी तिथून येत नव्हती. ती येत होती पीसी आणि ॲम्प एकमेकांना जोडल्यामुळे.

फोन ॲम्पला तसाच लावलेला ठेवून, पीसीकडून येणाऱ्या मोकळ्या आरसीए पिनचं बाहेरचं कडं आणि ॲम्पच्या आरसीए सॉकेटचं बाहेरचं कडं यांच्यात मीटर धरला. दोन्ही ‘शून्य’ असायला हवेत. इंजिन चालू, गाणं बंद, तर एसीमध्ये ३० मिलिव्होल्ट. गाणं लावलं तर बासच्या ठोक्याबरोबर डीसी आकडा ०.७ व्होल्टपर्यंत उड्या मारू लागला. कारण उघड आहे: ॲम्पचा १२ अँपिअर परतीचा करंट सीटच्या बोल्टच्या ६५ मिलिओहममधून जातो आणि ॲम्पचा ‘शून्य’ पाऊण व्होल्टने वर उचलतो, तर पीसीचा ‘शून्य’ काळ्या वायरवर जेमतेम एक दशांश व्होल्ट वर असतो. या दोन वेगवेगळ्या शून्यांना आरसीए केबलची बाहेरची जाळी जोडते, आणि परतीच्या करंटचा काही भाग तीच वाट धरतो. पीसीच्या हेडफोन आउटपुटला जेमतेम एक व्होल्ट सिग्नल. त्याच्यासमोर ३० मिलिव्होल्ट म्हणजे फक्त ३० डेसिबल खाली. शांत गाण्यात ते लपणं शक्यच नाही.

बऱ्याच ॲम्पमध्ये सिग्नलचा अर्थ आणि पॉवरचा अर्थ आतमध्ये काहीशे ओहमच्या रेझिस्टरने वेगळे ठेवलेले असतात, म्हणजे अशी भटकी वाट अवघड होते. हा ॲम्प बाहेर काढून आरसीएचं कडं आणि अर्थचं टर्मिनल यांच्यात ओहम मोजले, जवळजवळ शून्य. स्वस्तात बनवताना कुणीतरी तो रेझिस्टर वाचवलेला.

आरसीए लाइनमध्ये घालायचे आयसोलेटर ट्रान्सफॉर्मर मालकाने आधीच आणून ठेवले होते. ते लावून पाहिले. शिट्टी गेली, पण बास पण मऊ झाला. छोट्या गाभ्याचा ट्रान्सफॉर्मर खालच्या सुरांना दमतो. शिवाय दोन शून्यांमधला फरक तसाच राहतो, फक्त ऐकू येत नाही. मला तो उपाय पटत नाही.

निर्णय

सगळे आकडे समोर ठेवल्यावर प्रश्नच बदलला. ‘रेडिओच्या वायरवर किती अँपिअर चालतील’ असा आपण विचार करत होतो. पण पिवळ्या वायरवर एकटा पीसी आणि स्क्रीन असते तर साडेचार अँपिअरला प्लस-मायनस मिळून तिसरा भाग व्होल्ट गेला असता आणि ते चाललं असतं. गोंधळ झाला तो परतीच्या वाटेमुळे: कुणाचा करंट कुठून बॅटरीकडे परततो आणि वाटेत कुणाचा शून्य उचलतो, याचा कुणी विचारच केला नाही. प्लसची वायर सगळे बघतात, काळीकडे कुणी बघत नाही.

म्हणून ठरवलं ते असं. ॲम्पला बॅटरीपासून स्वतःची केबल. पीसी ग्लोव्हबॉक्सच्या मागून काढून सीटखाली, ॲम्पच्या शेजारी, आणि त्याच केबलवर, पण स्वतःच्या फ्यूजमागे. दोघांचा अर्थ एकाच बोल्टखाली. जुन्या वायरिंगकडून फक्त खुणा घ्यायच्या: चावी कुठे आहे, दिवे लागलेत का, रिव्हर्स पडलाय का. आणि स्पीकरच्या मूळ वायरी तशाच ठेवायच्या.

शेवटच्या गोष्टीवर मालकाने भुवया उंचावल्या, कारण स्पीकरच्या जाड वायरींची त्याची तयारी झाली होती. हिशेब दाखवला. चार ओहमच्या स्पीकरला ५० वॉट म्हणजे साडेतीन अँपिअर. दारापर्यंत पाऊण चौरस मिलिमीटरची वायर, जाऊन-येऊन सहा मीटर, जेमतेम ०.१५ ओहम. नुकसान ०.३ डेसिबल. हा फरक कान ओळखत नाही. दाराच्या रबरी नळीतून नवी वायर घालण्याची झटापट कशाला करायची? जिथे जुनी वायरिंग पुरते तिथे ती वापरायलाच हवी; कंपनीचं रूटिंग आपल्या हातच्या कामापेक्षा बहुधा चांगलंच असतं.

बॉनेटमधून आत यायला नवीन भोक लागलं नाही. स्टीअरिंगच्या बाजूला कंपनीच्याच मोठ्या रबरी ग्रोमेटवर एक बंद बोंडूक होतं, ते कापून केबल आत घेतली. मालकाची अट अर्धी पाळली गेली म्हणायची. मात्र उंबऱ्याच्या कडेने केबल नेताना पिवळ्या कनेक्टरच्या वायरी आल्या की हात मागे घ्यायचा; त्या एअरबॅगच्या असतात, त्यांच्यावर मीटर लावायचा नाही आणि त्यांना काहीही बांधायचं नाही. काम सुरू करण्याआधी बॅटरीचा मायनस काढून ठेवलेला होता, हे सांगायची गरज नसावी.

केबल १० चौरस मिलिमीटरची निवडली. बॅटरीपासून सीटपर्यंत चार मीटर, मीटरला १.८ मिलिओहम, म्हणजे ३० अँपिअरला ०.२२ व्होल्ट ड्रॉप. ६ ची घेतली असती तर ०.३७, तीही चालली असती, पण भविष्यात कुणी काही वाढवणार हे गृहीतच धरलेलं बरं. एक तपासणी जरूर करावी: केबलच्या एका तारेवर ब्लेड ओढून पाहायचं. तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम असेल तर खरवडल्यावर आत चंदेरी दिसतं. त्याचा विरोध तांब्याच्या दीडपटीहून जास्त, म्हणजे वर १० लिहिलेली केबल प्रत्यक्षात सव्वासहाच्या तांब्याइतकी. मालकाने जी पहिली गुंडाळी आणली ती अशीच निघाली, आणि परत गेली.

फ्यूज ४० चा, बॅटरीपासून वीतभर अंतरावर. फ्यूज जितका लांब तितकी त्याच्या आधीची केबल बिनसंरक्षणाची, आणि अपघातात चिमटते ती नेमकी बॉनेटमधली. सीटखाली एक छोटा फ्यूज-डबा, त्यात ॲम्पला ३० आणि पीसीच्या पुरवठ्याला १०.

अर्थसाठी सीटखालच्या पत्र्यात नुसत्या बॉडीचा, दुसरं काही न धरणारा एक बोल्ट सापडला. त्याच्याभोवतीचा रंग चकाकता पत्रा दिसेपर्यंत खरवडला, दातेरी वॉशर, दोन थिंबल (वायरीच्या टोकाला बसवायच्या कड्या) एकावर एक, वर नट, आणि आवळून झाल्यावर सगळ्यावर रंग. ॲम्पची १० ची आणि पीसीची अडीचची वायर, दोन्ही हातभर लांबीच्या आत. एच४ बल्बची दोन्ही फिलामेंट लावून पुन्हा मोजलं: बॅटरीच्या मायनसपर्यंत ०.०२ व्होल्ट. ६५ मिलिओहमचे दोन झाले.

बॅटरीच्या मायनसला थेट वायर का नाही ओढली, असं विचारलं जातं. या गाडीत नव्हता, पण अनेक नव्या गाड्यांत मायनसच्या टोकावरच करंट मोजणारा सेन्सर असतो. त्याला वळसा घालून अर्थ घेतला तर गाडीला बॅटरीचा हिशेब चुकीचा कळतो. बॉडीवर अर्थ घेतला की करंट सेन्सरमधूनच जातो.

पीसीचा पुरवठा

पीसी आणि केबलच्या मध्ये ६ ते ३० व्होल्ट इनपुट घेऊन ठरलेले १२ व्होल्ट देणारा डीसी-डीसी कन्व्हर्टर बसवला. व्होल्टेज वाढवणारा आणि कमी करणारा, दोन्ही कामं करणारा हवा. नुसता कमी करणारा असेल तर इनपुट १२ च्या खाली गेलं की आउटपुटही खाली येतं, मग सेल्फच्या वेळी काही उपयोग नाही. या पुरवठ्याला तीन वायरी लागतात: कायमचा प्लस, अर्थ, आणि चावीची खूण. खुणेसाठी रेडिओच्या सॉकेटातली लाल एसीसी वापरली, मध्ये १ अँपिअरचा छोटा फ्यूज घालून. तिच्यातून काही मिलिअँपिअरच जातात.

चावी फिरली की पुरवठा काही सेकंद थांबतो, मग पीसीच्या पॉवर बटणाच्या दोन पिनांना क्षणभर जोडतो. चावी काढली की पुन्हा एकदा बटण दाबल्यासारखं करतो, पीसीला आवरायला एक मिनिट देतो, आणि मग पॉवर पूर्ण तोडतो. सेल्फमध्ये एसीसी सेकंदभर गेली तरी तो दुर्लक्ष करतो, कारण बंद करण्याआधीचा विलंब त्याहून मोठा ठेवलाय. पीसीमध्ये मात्र पॉवर बटणाचं काम ‘स्लीप’ नव्हे तर ‘शटडाउन’ असं बदलावं लागतं. तेवढं एक राहिलं तर बाकी सगळं फुकट.

बॅटरी उतरण्याचं कारणही तेच होतं. पीसी ‘स्लीप’मध्ये आणि स्क्रीन स्टँडबायमध्ये ठेवून गाडी बंद केल्यावर, अर्धा तास थांबून, बॅटरीच्या मायनसमध्ये मीटर घालून मोजलं तर ०.३५ अँपिअर. दिवसाला सुमारे ८.४ अँपिअर-तास. तीन दिवसांत पंचवीस, आणि बॅटरी ४५ ची, तीही नवी नव्हे. थांबायचं एवढ्यासाठी की गाडीतले स्वतःचे कंट्रोलर झोपायला वेळ घेतात आणि आधी मोजलं तर आकडा फुगलेला दिसतो. मीटर असा मध्ये असताना चुकूनही सेल्फ मारायचा नाही.

ॲम्पची रिमोट वायर लालवरून काढली आणि डीसी-डीसीच्या ॲम्प-कंट्रोल पिनवर दिली. ती पीसी उठल्यावर काही सेकंदांनी चालू होते आणि पीसी बंद पडण्याआधी बंद. ‘धप्प’ संपलं. ज्या पुरवठ्यात अशी पिन नसते तिथे पीसीच्या १२ व्होल्टवर एक छोटा रिले चालतो, फक्त त्याच्या कॉइलवर उलटा डायोड विसरू नये.

स्क्रीनने केलेली गंमत

सगळं जोडून झालं, फक्त स्क्रीन रेडिओच्या पिवळ्या-काळ्या वायरवर तशीच ठेवली होती. दहा वॉट, फ्यूज १५ चा, हरकत काय? शिट्टी गेली, पण कान लावला तर नकाशा सरकवताना स्पीकरमध्ये बारीक खरखर. स्क्रीन डॅशबोर्डमध्ये, पीसी सीटखाली, मध्ये एचडीएमआय आणि टचची यूएसबी केबल. दोन्ही केबलींना जाळी असते आणि जाळी दोन्ही टोकांना अर्थला जोडलेली. म्हणजे काळ्या वायरमार्फत जुना दुसरा शून्य मागच्या दाराने परत आला होता. स्क्रीनचा पुरवठा काढून डीसी-डीसीच्या १२ व्होल्ट आउटपुटवरून, त्याच केबलींबरोबर एक दोन-पदरी वायर नेऊन दिला. काळी वायर सॉकेटात मोकळी ठेवून टोक बंद केलं. खरखर गेली. तीन मीटरवर ड्रॉप नगण्य आहे, आणि यूएसबी २.० ला पाच मीटरपर्यंत अडचण नसते.

यानंतरची मोजणी: सेल्फ मारताना बॅटरीवर ९.४, पीसीच्या टोकाला १२.० आणि स्क्रीनवर नकाशा जागचा हलला नाही. ठोक्याच्या गाण्यावर बॅटरी ते ॲम्प ड्रॉप ०.१५ व्होल्टच्या आत. दोन आरसीए कड्यांमध्ये एक मिलिव्होल्टच्या खाली. गाडी झोपल्यावर एकूण ३० मिलिअँपिअर, त्यात गाडीचे स्वतःचेच २२. पीसीला लावलेली मूळ पिवळी वायर आता रिकामी आहे. भाजलेली पिन मात्र नवीन घातली, कारण उद्या कुणी रेडिओ परत बसवेल.

ॲम्पचा गेन, म्हणजे आलेला सिग्नल तो किती वाढवतो ते, शेवटी बसवला. आधी तो अर्ध्याहून पुढे होता, कारण पीसीचा आवाज विंडोजमध्येच कमी ठेवलेला. पीसीचा आवाज नव्वदीच्या घरात नेऊन गेन खाली आणला, तेव्हा उरलीसुरली सरसरही कानाला लागेनाशी झाली.

एक गोष्ट मालकाच्या मनासारखी झाली नाही. चावी फिरवल्यावर पीसी उठायला वेळ घेतो, आणि रिव्हर्स कॅमेरा पीसीमधूनच दिसायला हवा असा त्याचा आग्रह होता. गाडी मागे घेताना स्क्रीन काळी असणं मला मान्य नव्हतं. कॅमेऱ्याची वायर स्क्रीनच्या दुसऱ्या इनपुटला थेट दिली आणि रिव्हर्सच्या दिव्याची वायर स्क्रीनला फक्त खुणेसाठी. त्यासाठी स्क्रीनचा पुरवठा पीसी उठण्याची वाट बघत नाही. चावी फिरताच तो चालू होईल असं डीसी-डीसीच्या सेटिंगमध्ये ठेवलं आहे. कॅमेऱ्याची स्वतःची पॉवर मागच्या दिव्यावरूनच आहे आणि अर्थही मागेच. चित्रात बारीक आडवे पट्टे कधीकधी दिसतात, कारण तिथेही दोन शून्य आहेत. मालकाला ते चालतात.